पेन्सिलची रीत

तहाने ती गोष्ट इतक्या सहज सांगितली, की यम्नाला आधी ती गोडच वाटली.

दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये त्याच्या ऑफिसखाली तळ्याकाठी एक कॅफे आहे, तिथे दोघं बसली होती. यम्ना पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये केमिस्ट होती आणि तहा इमारतींच्या पाइपलाइनची कामं बघणारा इंजिनिअर. वर्षभरापूर्वी एका टॉवरच्या टाकीचा नमुना घ्यायला ती गेली, तेव्हा टाकीचं झाकण उघडून द्यायला तो आला होता. आता गोष्ट घरच्यांपर्यंत पोचली होती.

"पुढच्या शुक्रवारी दादी येतेय तुला बघायला," तहा म्हणाला. "केपटाउनहून. लायबा पण येतेय. मॉम-डॅड डायरेक्ट निकाहला. आमच्यात मुलगी पसंत करायचा मान दादीचा. अँड वन मोअर थिंग, आमच्या घरची एक छोटीशी रीत आहे. घाबरू नकोस."

"कसली रीत?"

"पेन्सिलची."

तहाचं घराणं मूळचं रत्नागिरीकडचं. त्याचे खापरपणजोबा बोटीने केपटाउनला गेले आणि तिथलेच झाले. चार पिढ्या उलटल्या, तरी घरात जुनी कोकणी टिकून होती. तहाची मराठी म्हणजे दादीची कोकणी, दुबईची हिंदी आणि शाळेतलं इंग्रजी यांची खिचडी. यम्नाच्या अम्मीला ती ऐकून हसू यायचं, पण मनातून ती खूश होती. मुलगा परक्या देशातला असला तरी माणसं आपल्याकडचीच.

"म्हणजे असं," तहाने टेबलावरचा स्ट्रॉ उचलून दाखवला. "दादी मुलीच्या केसात पेन्सिल खोचते. मुलगी मान खाली घालते. पेन्सिल पडते. सगळे अल्हम्दुलिल्ला म्हणतात, मिठाई वाटतात. खलास. शिकलेली सून घरात यावी म्हणून असेल. क्यूट आहे ना?"

"आणि नाही पडली तर?"

तहा हसला. "पडतेच. माझ्या आईची पडली, काकीची पडली, दोन्ही वहिन्यांची पडली. ऑल्वेज."

घरी परत येताना बसमध्ये यम्नाच्या डोक्यात तो शेवटचा शब्द फिरत राहिला. लॅबमध्ये एखाद्या चाचणीचा निकाल दर वेळी एकच यायला लागला, की तिची सुपरवायझर संजना मॅडम दोनच प्रश्न विचारायची. यंत्र बिघडलंय का? की वाईट नमुने आधीच कोणीतरी बाजूला काढतंय?

आणि तिचे केस कुरळे होते. साधे लाटांसारखे नव्हेत, चांगले घट्ट, स्प्रिंगसारखे. ते तिला अब्बांच्या आईकडून आले होते, मुरुडहून. जंजिऱ्याच्या सिद्दींपैकी कोणीतरी कधीतरी त्यांच्या घराण्यात आलं होतं, असं अब्बा सांगायचे आणि वर म्हणायचे, "हे केस समुद्र ओलांडून आलेत, यम्ना. कंगव्याला काय घाबरतात?"

त्या संध्याकाळी अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आपल्या खोलीत बसून तिने लॅपटॉपवर 'पेन्सिल', 'केस' आणि 'दक्षिण आफ्रिका' हे शब्द टाकले. उत्तर शोधायला खाली जावंच लागलं नाही, ते पहिल्याच ओळीत होतं.

तिथे १९५० साली कायदा झाला होता, प्रत्येक माणसाची वंशावरून नोंद करण्याचा. कोण कुठे राहणार, कुठल्या शाळेत जाणार, कोणाशी लग्न करणार, हे त्या नोंदीवर ठरायचं. आणि नोंद कुठली करायची याचा संशय आला, की अधिकारी माणसाच्या केसात पेन्सिल खोचायचे. पडली तर एक वंश, अडकली तर दुसरा. कधी डोकं हलवायला सांगायचे. एकाच घरातली भावंडं अशी दोन रकान्यांत गेली होती.

यम्नाने लॅपटॉप मिटला. एसीची घरघर तेवढी चालू होती.

तहाला फोन लावला तेव्हा तो जेवत होता. तिने सगळं वाचून दाखवलं.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"शाळेत शिकवतात आमच्याकडे. एव्हरीबडी नोज पेन्सिल टेस्ट," तो म्हणाला. "पण हे ते नाहीये, यम्ना. ही आमच्या घरची रीत आहे."

"कोणी सुरू केली?"

"दादीच्या सासूने."

"कधी?"

चमचा ताटात ठेवल्याचा आवाज आला. "साठ साल असेल," तो म्हणाला. "लिसन. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तो कायदा एक्याण्णवला गेला, माझ्या जन्माच्या आधी. आता त्याचा अर्थ काहीच नाही. फक्त पडू दे ना. एक सेकंदाचं काम आहे. प्लीज."

"माझे केस बघितलेस ना तू?"

"स्ट्रेट करून घे त्या दिवशी. सगळ्याच मुली करतात."

अम्मीचंही म्हणणं तेच पडलं. तिने यम्नाचं बोलणं नीट ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन कोळंबी निवडायला बसली. यम्ना मागोमाग गेली.

"अम्मी, अपमान आहे हा."

"त्या म्हातारीला कुठे माहीत असणार अपमान आहे ते? तिला रीत म्हणून शिकवलं, ती करते. मुलगा चांगला आहे की नाही?"

"चांगला आहे."

"तुला आवडतो की नाही?"

आवडत होता, तीच तर पंचाईत होती.

"मग एका दिवसापुरते केस सरळ झाले तर काय बिघडलं?" अम्मी म्हणाली. "माझ्या लग्नात मला चष्मा काढून बसवलं होतं. तुझे अब्बा मला दिसलेच नाहीत. चाललं ना?"

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर अम्मीने तिला आरशासमोर बसवलं आणि तासभर केसांवर इस्त्री फिरवली. अब्बा, बदरुद्दीन, फुजैराहून सकाळीच आले होते. तिथे ते जहाजांना तेल भरणाऱ्या एका टर्मिनलवर काम करायचे आणि सुट्टीलाच घरी यायचे. दारातून त्यांनी डोकावून बघितलं आणि म्हणाले, "ही कोणाची पोरगी आणलीस?" अम्मी हसली. अब्बा हसले नाहीत.

केस खांद्यावरून सरळ खाली उतरले. यम्नाने बोटं घालून पाहिली. ती कुठेही न अडकता बाहेर आली. पेन्सिलही अशीच येणार होती.

पाहुणे यायला वेळ होता. अम्मी आत बिर्याणीला दम देत होती. यम्ना उठली, बाल्कनीचं सरकतं दार उघडून बाहेर गेली आणि दार मागे लावून घेतलं.

सप्टेंबर होता. समुद्रावरून आलेली ओली, गरम हवा इमारतींमध्ये दाटून उभी होती. समोरची मशीद आणि खालच्या गाड्या पांढुरक्या धुक्यात बुडाल्या होत्या. काचेवर बाहेरच्या बाजूने पाणी ओघळत होतं. यम्नाला पुढचं सगळं ठाऊक होतं. इस्त्रीच्या उष्णतेने केसातले नाजूक हायड्रोजन बंध सुटतात आणि केस थंड होताना ते सरळ आकारातच पुन्हा जुळतात. पण हवेतलं पाणी आत शिरलं, की ते परत सुटतात आणि केस आपल्या वळणावर जातात. त्यासाठी हट्ट लागत नाही, भांडण लागत नाही. नुसतं उभं राहावं लागतं.

ती उभी राहिली.

आधी कपाळावरची बारीक लव वळली. मग कानामागचे केस. मानेवर काहीतरी हळूहळू वर चढतंय असं वाटत राहिलं. काचेपलीकडे अम्मी आली. हातात पळी होती. तिने मुलीकडे बघितलं, काच वाजवायला मूठ उचलली आणि तशीच खाली नेली. त्याच वेळी बेल वाजली.

हलिमा दादी एवढीशी होती. निळी साडी, डोक्यावर पांढरा रुमाल, आणि हातात नारळाच्या किसात घोळवलेल्या गोड वड्यांचा डबा. आल्या आल्या तिने अब्बांना विचारलं, "मुरुडात आता रिक्षा झाल्या काय रे?" आणि अब्बांनी सांगितलं, मोटारी झाल्या, तर म्हणाली, "मग आमचं घराणं उगाच बोटीत बसलं." सगळे हसले. तिच्या बोटाला धरून लायबा होती, तहाची अकरा वर्षांची बहीण. लायबाचे केस इतके ताणून मागे बांधले होते, की भुवया वर ओढल्यासारख्या दिसत. दादीचा मोकळा हात मधूनमधून त्या केसांवरून फिरायचा. यम्नाला आधी ते लाड वाटले. मग लक्षात आलं, की हात कुरवाळत नव्हता, दाबून बसवत होता.

यम्नाने डोक्यावरून ओढणी घेतली होती. सरबत झालं, वडे झाले. धाकटा भाऊ ओवेस मोबाइलमधून डोकं वर काढून वड्यांना 'दे आर ऑसम' म्हणाला. तहाने यम्नाकडे बघून हळूच डोळा मारला. सगळं इतकं नीट चाललं होतं, की तिला क्षणभर वाटलं, दादी विसरून जाईल.

"इकडं बस गो बाय, माझ्यापुढं," दादी म्हणाली.

यम्ना गालिच्यावर बसली. दादीने पर्समधून रुमालाची घडी काढून उलगडली. आत लाकडी पेन्सिल होती, बोटाएवढीच उरलेली. लाल रंग बहुतेक उडालेला. टोक कित्येक वर्षांत कोणी काढलेलं दिसत नव्हतं. ती जुनी होती, तहापेक्षा, अम्मीपेक्षा जुनी.

दादीने ओढणी मागे सरकवली.

केस मोकळे झाले आणि आपल्या मूळच्या आकारात फुलून आले. दादीचा हात हवेत थांबला. मग सवयीने पुढे झाला, पेन्सिल कानाच्या वर केसांत शिरली आणि हात मागे आला.

"मान खाली घाल, बाय."

यम्नाने मान खाली घातली. तिला गालिच्यावरची नक्षी दिसत होती, तिथेच पेन्सिल पडायला हवी होती. तिने वाट बघितली. डोक्यावर काही असल्याचं जाणवतही नव्हतं, इतकं ते हलकं होतं.

पेन्सिल पडली नाही.

"जरा आणखी वाक," अम्मी घोगऱ्या आवाजात म्हणाली.

यम्ना आणखी वाकली.

"इट्स जस्ट फ्रिक्शन," ओवेस म्हणाला. अब्बांनी त्याच्याकडे बघितलं तसं त्याने डोकं परत मोबाइलमध्ये घातलं.

"हलव गो," अम्मी म्हणाली. "जराशी हलव मान."

"हां, शेक इट," तहा हसत म्हणाला. हसू ओढून आणलेलं होतं. "यल्ला, चल ना, यम्ना. थोडंसं. पडेल."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. सगळे तिला मदत करत होते, आणि नेमकी तीच गोष्ट तिला भिववत होती. अधिकारी डोकं हलवायला सांगायचे, असं तिने वाचलं होतं. तेव्हाही खोलीत आई असेल, भाऊ असेल, आणि तेही असंच कळवळून म्हणत असतील, हलव, जोरात हलव.

तिने मान वर केली आणि ताठ बसली. पेन्सिल तिथेच होती.

"नाही हलवणार," ती म्हणाली.

दादी उठली. तिला राग आला असेल असं वाटलं, पण ती कोणाकडेही न बघता खिडकीपाशी गेली. पडद्याची कड धरून तिने खाली बघितलं, मग पडदा पूर्ण ओढून घेतला. भर दुपारी खोलीत अंधार झाला.

"खाली पांढरी गाडी कोणाची आहे?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"कुठली, दादी?" तहा उठला.

"आपल्या मागून आली काय? बघ. कोणी वर येतंय काय बघ."

"दादी, वी आर इन अबू धाबी."

"बघ म्हणते ना!"

तहा दारापर्यंत गेला, दार उघडलं, लावलं. "कोणी नाही." मग दादी खुर्चीवर बसली. तिचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता. लायबा तिच्याजवळ गेली नाही.

"अशाच गाडीतून सरकारचे दोघं आले होते," दादी म्हणाली. कोणाला सांगत होती ते कळत नव्हतं. "मी अठरा वर्षांची, नवी नवरी. कोणीतरी अर्ज केला होता, की ह्या घरात वेगळ्या वंशाची बाई राहते. मला आणि सकीनाला उभं केलं. सकीना माझी मोठी जाऊ. माझी पडली. तिची नाही पडली. आम्ही सगळे म्हणालो, हलव सकीना. तिने खूप हलवलं."

अम्मीने तोंडावर पदर घेतला.

"नवरा एका रकान्यात आणि ती दुसऱ्यात. आमच्या गल्लीत राहायची तिला बंदी झाली, मग शहरात पण. दोन वर्षं कोणाकोणाबरोबर निरोप यायचा. मग बंद झाला. पेन्सिल तो साहेब टेबलावर विसरून गेला होता. सासूने उचलून ठेवली. म्हणाली, आता सरकारने बघायच्या आधी आपण बघायचं. पडली तरच पोरगी आणायची. नाही तर तिचा पण जीव जातो, आपल्या पोराचा पण."

"पण तो कायदा गेला, दादी," अब्बा खाली बसत हळू म्हणाले. "तुमच्याकडे सगळे बरोबरीने राहतात आता."

"गेला. चौऱ्याण्णवला मी मत द्यायला रांगेत उभी होते. सगळ्या रंगांची माणसं एकाच रांगेत. लोक गात होते. मी प्रत्येक म्हाताऱ्या बाईचे केस बघत होते." तिने रुमालाची रिकामी घडी घातली. "तहाच्या पणजोबांच्या वेळी पण असा कायदा नव्हता. मग एक दिवस आला."

यम्नाच्या मनात तयार असलेलं सगळं बोलणं विरून गेलं. ती या बाईशी भांडायला बसली होती, आणि ही बाई अजून साठ सालातल्या त्याच खोलीत उभी होती. यम्ना गुडघ्यांवर पुढे सरकली.

"दादी, तुम्हीच काढा ती."

दादीने दोन्ही हात मागे घेतले. "मी हात लावणार नाही." मग अगदी मायेने म्हणाली, "निकाहच्या दिवशी केस सरळ करून ये, बाय. परत घालू. पडेल. मग कसली भीती नाही. तहा, चल."

बिर्याणीची झाकणं उघडलीच नाहीत. तहाने जाताना यम्नाकडे बघून हाताने खूण केली, फोन करतो. दार लागलं. खोलीत चौघंच उरली, आणि पेन्सिल अजून यम्नाच्या केसात होती.

अम्मी काढायला पुढे झाली, तर यम्ना म्हणाली, "राहू दे."

थोड्याच वेळात पुन्हा बेल वाजली. दारात तहा होता, मागे लायबा.

"दादी गाडीत रडतेय. तिला पेन्सिल हवीय," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "आय ॲम सॉरी. रिअली. पण बघ, तिने नाही म्हटलं नाहीये. निकाहला फक्त स्ट्रेट कर, पाच सेकंदांत संपेल, ती शांत होईल. आणि मग आपलं आयुष्य आपलं."

"आणि नंतर?"

"नंतर काय?"

"मला मुलगी झाली, माझ्यासारख्या केसांची, तर?"

तहाने खांदे उडवले. "तेव्हा दादी नसेल."

"पेन्सिल असेल," यम्ना म्हणाली. "तू मला सांगितलंस, ऑल्वेज पडते. तुला सकीनाचं माहीत नव्हतं, मान्य. पण पडत नाही अशा मुली तुमच्या घरात आल्याच नाहीत, हे तरी तुला कधी विचित्र वाटलं नाही?"

तो जमिनीकडे बघत राहिला. "एका पेन्सिलसाठी सगळं मोडणार तू?"

"त्यासाठी नाही. तू मला हलव म्हणालास म्हणून."

यम्नाने स्वतःच हात वर नेला, केसांतून पेन्सिल सोडवली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. दादीची वस्तू होती, ती तिला ठेवून घ्यायची नव्हती. "निकाहसाठी कोणी येऊ नका, तहा. दादीला सांग, मी रागावलेली नाही. आणि तिला एकटीला सोडू नकोस."

तो वळला. लायबा मात्र उभीच होती. ती यम्नाच्या केसांकडे टक लावून बघत होती.

"डिड इट हर्ट?" तिने विचारलं.

"नाही. अजिबात नाही."

"माय हेअर इज लाइक यॉर्स," लायबा कुजबुजली. "दादी सेज डोन्ट टेल."

"लायबा, कम," तहाने लिफ्टचं दार हाताने अडवून धरलं होतं. ती पळत गेली. आत शिरताना तिने भावाच्या हातातून पेन्सिल घेतली. त्याचं लक्ष नव्हतं, तो भिंतीला डोकं टेकून उभा होता. लिफ्टमधल्या आरशासमोर लायबाने केसांचं रबर ओढून काढलं. दाबून बसवलेले केस एकदम मोकळे झाले. तिने पेन्सिल कानावर खोचली आणि मान खाली घातली.

दारं मिटत होती. अरुंद होत जाणाऱ्या फटीतून यम्नाला दिसलं, की तहा चमकून बहिणीकडे वळला, तिच्यापुढे वाकला आणि त्याचे ओठ हलले. 'हलव' म्हणाला की 'राहू दे', ते ऐकू आलं नाही.

यम्ना धावली. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. दारं उघडली नाहीत. लिफ्टवरचे आकडे एकेक करून उतरत गेले, आणि ती त्यांच्याकडे बघत कान देऊन उभी राहिली, जणू इतक्या खालून एक बोटभर लाकूड पडल्याचा आवाज वर येणार होता.